ड्राइव्ह नसलेला लॅपटॉप आणि घरातल्या चार भाषा

महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यातल्या घरात लॅपटॉप बहुधा दोन वाटांनी येतो. एक तर नवा, बेताच्या किमतीचा, मुलामुलीच्या कॉलेजसाठी घेतलेला. नाहीतर जुना, एखाद्या कंपनीने काढून टाकलेला आणि सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरसारख्या बाजारातून हात बदलत आलेला. दोन्हींच्या कडेला आता सीडी-डीव्हीडीचा ड्राइव्ह सहसा नसतो. जुन्यांपैकी थिंकपॅड एक्स-२४० किंवा डेल लॅटिट्यूड ई-७४४० ही ऑफिसातली यंत्रे तर २०१३ च्या सुमारासच ड्राइव्हविना निघाली होती. अशा यंत्रावर लिनक्स टाकायचे म्हटले की पहिली शंका येते ती सीडी घालायची कुठे, ही. या प्रकरणात मला एकच मुद्दा मांडायचा आहे. ड्राइव्ह नसणे ही अडचण कधीच मागे पडली. सीडी गेल्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिम निवडण्याचा निर्णय दुकानाच्या काउंटरवरून घरात आला, आणि ज्या घरात एकाहून अधिक भाषा नांदतात त्या सीमाभागातल्या घराला त्याचा लाभ इतरांपेक्षा जास्त आहे.

हा प्रश्न आत्ताच निकडीचा का झाला, त्यालाही कारण आहे. विंडोज १० ची मोफत सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. घरगुती वापरासाठी एका वर्षाची वाढीव मुदत ठेवली गेली, पण ती मुदतच. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. वर सांगितलेली दोन्ही यंत्रे चौथ्या पिढीची. त्यांचा पडदा चांगला, कीबोर्ड चांगला, ४ किंवा ८ जीबी मेमरी आणि जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली की वेगही पुरेसा. तरीही अधिकृत वाटेने त्यांवर नवी विंडोज चढत नाही. दुकानात त्यावर जो उपाय मिळतो तो म्हणजे फॉरमॅट मारून क्रॅक केलेली विंडोज टाकून देणे. तिची सुरक्षा दुरुस्ती होईलच याची खात्री नसते, आणि क्रॅकसोबत आणखी काय आत आले हे गिऱ्हाइकाला कळण्याचा मार्ग नसतो. याच यंत्रांवर लिनक्स मिंटची २२ वी आवृत्ती चालते आणि तिला २०२९ पर्यंत दुरुस्ती मिळणार आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारालाही एकूण पाच वर्षांचा आधार आहे. पैसा दोन्हींसाठी लागत नाही.

मग सीडीचे एवढे महत्त्व मनात का बसले? कारण एके काळी ते खरेच होते. १९९५ मध्ये फिनिक्स आणि आयबीएम यांनी ‘एल टोरिटो’ नावाचे मानक ठरवले, तेव्हा कुठे संगणक थेट सीडीवरून सुरू होऊ लागला. त्याआधी फ्लॉपी लागे. त्यानंतर दहा-पंधरा वर्षे लिनक्स लोकांपर्यंत पोचले ते सीडीच्याच रूपाने. ऑक्टोबर २००४ मध्ये उबुंटूची पहिली आवृत्ती आली आणि मागेल त्याला जगात कुठेही टपालाने फुकट सीडी पाठवण्याची योजना तिच्या निर्मात्यांनी चालवली. इंटरनेट महाग आणि संथ होते त्या काळात लहान गावातल्या विद्यार्थ्याला लिनक्स मिळण्याचा तो राजमार्ग होता. ती योजना २०११ मध्ये बंद झाली, आणि पुढच्याच वर्षी उबुंटूची १२.१० ही आवृत्ती ७०० एमबीच्या सीडीत मावेनाशी झाली. जानेवारी २००८ मध्ये ॲपलने मॅकबुक एअर ड्राइव्हविना काढला तेव्हा लोक हळहळले होते. चार वर्षांत ती सीडीच अपुरी ठरली. ड्राइव्ह गेला त्याआधीच लिनक्सने त्याची गरज संपवत आणली होती. जुन्या पुस्तकांतली ‘सीडी घाला’ ही सूचना मात्र लोकांच्या डोक्यात राहून गेली.

पेन ड्राइव्हने तेच काम कसे होते, हे एकदा नीट समजले की निम्म्या चुका टळतात. संगणक चालू होताच बोर्डावरच्या चिपमधला एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो. जुन्या यंत्रांत त्याला बायोस म्हणतात, नव्यांत यूईएफआय. बायोसची रीत सरळ होती: डिस्कचे पहिले ५१२ बाइट वाचायचे आणि तिथे जे लिहिले असेल ते चालवायचे. सीडीचा साचा वेगळा असतो. आयएसओ ९६६० या साच्यात सुरुवातीचे ३२,७६८ बाइट मोकळे सोडलेले असतात आणि सीडी वाचणारा तिकडे बघतच नाही. साधारण २००८ पासून लिनक्सकारांनी याच मोकळ्या जागेचा उपयोग केला. तिथे डिस्कला हवा असलेला आरंभीचा मजकूर बसवला, आणि एकच फाइल सीडीवर लिहिली तर सीडीसारखी, पेन ड्राइव्हवर लिहिली तर हार्ड डिस्कसारखी वागू लागली. हा तोडगा मला आजही फार सुंदर वाटतो; कोणतेही मानक न मोडता, फक्त दुर्लक्षित कोपरा वापरून सगळ्या जुन्या-नव्या यंत्रांची सोय झाली. यूईएफआयचे काम आणखी सोपे. तो पेन ड्राइव्हवर फॅट पद्धतीचा भाग शोधतो आणि त्यातल्या ‘ईएफआय’ फोल्डरमधल्या ‘बूट’ फोल्डरात ठरलेल्या नावाची फाइल आहे का, एवढेच पाहतो.

सर्वांत जास्त घडणारी चूकही यातूनच स्पष्ट होते. उतरवलेली आयएसओ फाइल (हिलाच इमेज म्हणतात) नुसती कॉपी करून पेन ड्राइव्हवर टाकली, तर पहिले ५१२ बाइट पेन ड्राइव्हचे जुनेच राहतात आणि ठरलेल्या जागी ठरलेली फाइलही नसते. यंत्राच्या दृष्टीने तो पेन ड्राइव्ह रिकामाच. फाइल ‘लिहावी’ लागते, म्हणजे तिचा प्रत्येक बाइट पेन ड्राइव्हच्या पहिल्या बाइटपासून उतरवावा लागतो किंवा तिच्यातला मजकूर योग्य मांडणीने बसवावा लागतो. विंडोजवर हे काम रूफस करतो, कुठल्याही यंत्रावर बॅलेना एचर करतो. या लिखाणात पेन ड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाते, म्हणून लग्नाचे फोटो असलेला पेन ड्राइव्ह यासाठी घेऊ नये. ८ जीबीचा पुरतो. व्हेंटॉय नावाचे २०२० मध्ये आलेले साधन एकदा बसवले की मात्र पुढे नुसती कॉपी चालते, आणि एकाच पेन ड्राइव्हवर मिंट, डेबियन असे दोन-तीन पर्याय ठेवता येतात.

यावर पहिला आक्षेप असा की ३ जीबीची फाइल मोबाइलच्या डेटावर उतरवायची कशी? दिवसाला दीड-दोन जीबी मिळणाऱ्या रिचार्जवर ती एका दिवसात मावत नाही, आणि मधेच तुटली तर सगळे वाया जाते. आक्षेप खरा आहे, पण त्याला उत्तर आहे. मिंट आणि डेबियन दोन्ही टॉरंटने उतरवता येतात. तुटलेली फाइल दुसऱ्या दिवशी जिथे थांबली तिथून पुढे चालू होते. डेबियनची ‘नेटइन्स्ट’ ही इमेज १ जीबीच्या आत आहे, तिला उरलेला माल नंतर नेटवरून हप्त्याहप्त्याने घेता येतो. आणि फाइल एकदा गावात आली की ती दुसऱ्याला देण्यात कायद्याची आडकाठी नाही. उतरलेली फाइल शाबूत आहे का, हे तपासणे मात्र टाळू नये. निर्माते तिच्यासोबत शा-२५६ हा ६४ अक्षरांचा ठसा देतात. विंडोजमधली सर्टयुटिल ही आज्ञा आपल्या फाइलचा तोच ठसा काढून देते. दोन्ही तंतोतंत जुळले तरच पुढे जावे. इन्स्टॉल अर्ध्यावर अडकले की लोक लॅपटॉपला दोष देतात, आणि दोष बरेचदा अर्धवट उतरलेल्या फाइलचा असतो.

दुसरा आक्षेप जाणकारांचा असतो: नव्या लॅपटॉपवर सिक्युअर बूट असते, ते परक्या सिस्टिमला सुरूच होऊ देत नाही. २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत ही व्यवस्था आली तेव्हा ही भीती रास्त होती. त्यानंतर ‘शिम’ नावाचा एक छोटा दुवा तयार झाला. त्यावर मायक्रोसॉफ्टची सही असते, म्हणून यंत्र त्याला आत घेते, आणि तो पुढे लिनक्सची सही तपासतो. उबुंटू, फेडोरा, मिंट आणि २०१९ च्या डेबियन १० पासून डेबियनही या वाटेने सिक्युअर बूट बंद न करता सुरू होतात. अडचण राहते ती वेगळ्याच जातीच्या लॅपटॉपची. २०१४ ते २०१६ च्या सुमारास ॲटम प्रोसेसरचे, २ जीबी मेमरीचे, ३२ जीबी साठ्याचे स्वस्त छोटे लॅपटॉप पुष्कळ विकले गेले. त्यांतल्या अनेकांचा प्रोसेसर ६४-बिट, पण यूईएफआय ३२-बिट. अशा यंत्राला पेन ड्राइव्ह लावला तरी ते त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही, कारण त्याला हवी ती ३२-बिट आरंभीची फाइल बहुतेक इमेजमध्ये नसते. माणूस चार पेन ड्राइव्ह बदलतो आणि नाद सोडतो. डेबियनने या यंत्रांचीही काळजी घेतलेली आहे, तेव्हा असा लॅपटॉप हाती आला तर मिंटच्या मागे न लागता डेबियन घ्यावे आणि सिक्युअर बूट बंद करावे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि त्याला हलके उत्तर देता येणार नाही: घरातला डेटा गेला तर? विंडोज ११ असलेल्या अनेक नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉग-इन केले की डिस्क आपोआप कुलूपबंद होते. मालकाला हे बहुधा ठाऊकही नसते. पुढे यूईएफआयमधले काही बदलले की विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागते, आणि ती नसेल तर आतले काहीच हाती लागत नाही. ती की त्या खात्यात जमा असते. काहीही करण्याआधी ती तिथून काढून कागदावर लिहून ठेवावी. लिनक्स विंडोजच्या शेजारी ठेवायचे असेल तर विंडोजमधले ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे, विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून ४० जीबीच्या आसपास जागा मोकळी करावी आणि महत्त्वाच्या फाइल्स दुसरीकडे उतरवून ठेवाव्यात. एवढे करूनही धोका शून्य होत नाही. पण दुकानात ‘फॉरमॅट मारून देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती लॅपटॉप सोपवण्यातला धोका यापेक्षा मोठा आहे, कारण तिथे विचारायची वेळ येण्याआधीच पुसून झालेले असते.

पेन ड्राइव्हचा एक गुण या भीतीवर मोठा उतारा आहे. नेटइन्स्टसारखी नुसत्या इन्स्टॉलरची इमेज सोडली, तर लिनक्सची इमेज पेन ड्राइव्हवरून ‘लाइव्ह’ चालते; हार्ड डिस्कला हात न लावता. वाय-फाय लागते का, आवाज येतो का, टचपॅड, कॅमेरा, पडद्याचा प्रकाश सगळे चालते का, हे एक अक्षर न पुसता पाहता येते. ही सोय सीडीवरही होती, पण सीडी इतकी संथ की पाहणारा कंटाळून जाई. ब्रॉडकॉमची काही वाय-फाय कार्डे किंवा रियलटेकची अगदी नवी कार्डे पहिल्या फटक्यात चालत नाहीत, ते इथेच कळते. तेवढ्यापुरता मोबाइल केबलने जोडून त्याचे नेट वापरता येते.

आता ज्या कारणासाठी मी हे प्रकरण सीमाभागावर बेतले आहे त्याकडे येतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य मोडले. बीदर जिल्ह्यातले अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, उरलेला बराचसा बीदर आणि गुलबर्गा (आजचे कलबुर्गी) म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आला. रेषा आखल्याने माणसांच्या जिभा बदलल्या नाहीत. आजही भालकी-औरादकडच्या घरात आजीआजोबा मराठी वाचतात, नातवंडे शाळेत कन्नड शिकतात, बाजारात दखनी-उर्दू चालते आणि परीक्षेचा अर्ज इंग्रजीत भरावा लागतो. अशा घरातल्या स्वस्त नव्या लॅपटॉपवर बहुधा ‘विंडोज होम सिंगल लँग्वेज’ ही आवृत्ती असते. नाव सांगते तसेच ती वागते: टायपिंग कितीही भाषांत करा, पण मेनू, सूचना, सेटिंग या सगळ्यांना भाषा एकच. पुण्यातल्या एकभाषी घराला याचा फारसा त्रास जाणवणार नाही. बसवकल्याणच्या घरात मात्र याचा अर्थ असा की यंत्र एकाच्याच भाषेत बोलणार, आणि व्यवहारात ती एकाचीही नसलेली इंग्रजी ठरते.

लिनक्समध्ये भाषा ही प्रत्येक खात्याची स्वतंत्र निवड असते. आजोबांच्या खात्यात मराठी मेनू, नातीच्या खात्यात कन्नड, वडिलांच्या खात्यात इंग्रजी, एकाच यंत्रावर, जादा पैसे न देता. डेबियनच्या चित्रमय इन्स्टॉलरची पहिलीच पाटी भाषा विचारते आणि तिथे मराठी आणि कन्नड दोन्ही असतात. लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स मराठीत आहेत, कन्नडमध्येही आहेत. कीबोर्डची गोष्ट तर याहून पुढची. कन्नड टायपिंगसाठी के. पी. राव यांनी उच्चारावर आधारलेली मांडणी केली. कन्नड गणक परिषदेच्या नुडी या सॉफ्टवेअरमधून ती कर्नाटकभर पसरली आणि सरकारी कामात रुळली. लिनक्सच्या कीबोर्ड-संचात ती ‘कगप’ या नावाने आहे, आणि तिच्याच शेजारी मराठीसाठीही कगप मांडणी आहे. म्हणजे शाळेत किंवा तलाठ्याच्या कचेरीत कन्नड टायपिंग शिकलेली बोटे तीच सवय घेऊन मराठी लिहू शकतात. ज्यांना इन्स्क्रिप्ट येते त्यांचीही सोय आहे, कारण १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ती आखली तेव्हापासून सगळ्या भारतीय लिप्यांत एका ध्वनीला एकच कळ हे तिचे तत्त्व आहे. उर्दूची मांडणी त्याच यादीत मिळते. दोन भाषांत अदलाबदल करायला दोन कळांचा शॉर्टकट ठरवून ठेवला की सातबाऱ्याचा मराठी अर्ज आणि पंचायतीचे कन्नड पत्र एकाच बैठकीत लिहून होते.

यावर कुणी म्हणेल की मराठी मेनू अर्धेच मराठी असतात. हे खरे आहे, आणि लपवण्यात अर्थ नाही. लिनक्सची मराठी भाषांतरे पुष्कळशी स्वयंसेवकांनी केली आणि काही काळ रेड हॅटच्या पुणे कार्यालयातून झाली. नव्या आवृत्त्यांत नवे शब्द येत जातात आणि भाषांतर मागे राहते. एकाच खिडकीत दोन ओळी मराठी, तिसरी इंग्रजी असे दिसते. काही शब्द इतके संस्कृतप्रचुर की ‘फाइल’ म्हटले असते तर बरे झाले असते असे वाटते. तरीही अर्धा मेनू वाचता येणे आणि एकही न येणे यांत फरक आहे, आणि ही भाषांतरे दुरुस्त करण्याचे काम नोंदणी करून कुणालाही करता येते. विंडोजमधली चुकीची मराठी सुधारण्याची अशी मुभा वापरणाऱ्याला नाही.

कामधंद्याचा आक्षेप मी याहून अवघड मानतो. ज्याचे पोट टॅलीवर आहे किंवा जो श्रीलिपीत पत्रिका-हँडबिलांचे डीटीपी करतो, त्याने विंडोज काढू नये. जुन्या नुडी, बरहा किंवा श्रीलिपी फाँटांत टंकलेले दस्तऐवज युनिकोड नसतात. तो फाँट लिनक्सवर बसवला तर ते वाचता येतात, पण त्यांत शोधणे, दुरुस्ती करणे तिथे जिकिरीचे होते. अशा घराने दोन्ही सिस्टिम शेजारी ठेवाव्यात. विद्यार्थ्याची गोष्ट निराळी. त्याचे प्रवेशअर्ज, शिष्यवृत्ती, निकाल, व्हिडिओ, सगळे ब्राउझरमध्ये होते. तो अभियांत्रिकीला गेला, मग ते कलबुर्गीचे १९५८ सालचे पीडीए असो किंवा बीदर-भालकीतले एखादे कॉलेज, तर संगणक शाखेत त्याला युनिक्स-लिनक्सच्या आज्ञा शिकाव्याच लागतात. घरच्या यंत्रावर त्या आधीच असतील तर उलट बरे.

उरतो दुरुस्तीचा प्रश्न. गावातला दुकानदार लिनक्स हाताळत नाही, मग बिघडले तर जायचे कुणाकडे? बिघाड दोन जातींचे असतात. पडदा, बॅटरी, चार्जिंगची पिन यांना सिस्टिम कोणती हे कळत नाही, ते काम तोच दुकानदार करेल. सिस्टिम सुरूच होत नसेल तर ज्या पेन ड्राइव्हने ती टाकली, तोच लावून लाइव्ह सुरू करावी. डिस्कवरच्या फाइल्स तिथून दिसतात आणि दुसऱ्या पेन ड्राइव्हवर काढून घेता येतात. दोन सिस्टिम असलेल्या यंत्रात नेहमी आढळणारी तक्रार म्हणजे विंडोजच्या एखाद्या मोठ्या अपडेटनंतर लॅपटॉप थेट विंडोजमध्ये उघडतो आणि लिनक्स नाहीसे झाले असे वाटते. ते गेलेले नसते. लेनोवो, डेल, एसरवर बहुधा एफ-१२, एचपीवर एफ-९, आसुसवर एस्केप दाबत यंत्र चालू केले की सुरू होण्याच्या पर्यायांची यादी येते. मिंट असले तरी त्या यादीत सहसा ‘उबुंटू’ हेच नाव दिसते. ते निवडावे, आणि नंतर यूईएफआयच्या सेटिंगमध्ये जाऊन बूटच्या क्रमात तेच नाव सर्वांत वर ठेवावे.